मोटरहोममधला क्रॉकपॉट : रात्री शिजवा, दुपारी जेवा

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात आम्ही उभयतांनी केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा आम्हाला वाटलं, नेहमीप्रमाणे खुर्च्या मांडायला बोलावताहेत. पण नाही, या वेळी चक्क भाषण! ‘तुम्ही दोघं ती मोठी गाडी घेऊन देशभर भटकता, त्यात काय शिजवता ते सांगा. लोकांना भूक लागली की देणगीसाठी हात जरा सैल सुटतो,’ असं आम्हाला सांगण्यात आलं. तेव्हा पुढची वीस मिनिटं आम्ही तुमची भूक वाढवण्याच्या कामावर आहोत. मागच्या टेबलावर काय ठेवलंय ते शेवटी सांगू. तोपर्यंत कृपा करून कोणी झाकण उघडू नका.

आमची गाडी म्हणजे २४ फुटी जुनं मोटरहोम, इथल्या भाषेत आरव्ही. रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतलं. आत दोन शेगड्यांचा गॅस, हातभर ओटा, बाहुलीच्या भातुकलीत शोभेल असं सिंक आणि एक छोटा फ्रीज. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने प्रेशर कुकर, तवा, पोळपाट-लाटणं असा सगळा संसार बरोबर नेला होता. पण दिवसभर गाडी हाकून संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर वरण-भात-भाजी-पोळी करायचं त्राण कुणाला असतं? पोळपाट दुसऱ्या वर्षी घरी राहिला. तिसऱ्या वर्षी गाडीत क्रॉकपॉट आला आणि तो मात्र अजून आहे.

क्रॉकपॉट हे खरं तर ब्रँडचं नाव, पण आपण वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणायचो तसंच हेही. वस्तूचं नाव स्लो कुकर. आणि ही वस्तू आपल्या शिकागोची बरं का! अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या इथल्या संशोधकाने १९३६ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९४० साली ते मिळालं. त्यांच्या आईचं मूळ लिथुआनियातल्या ज्यू वस्तीतलं. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चोलेंट नावाच्या, कडधान्य-मांसाच्या रश्श्याचं भांडं गावातल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचं. भट्टी विझत जायची आणि त्या उतरत्या धगीवर रश्शा रात्रभर शिजत राहायचा. आईकडून ऐकलेल्या या आठवणीवरून नॅक्सननी विजेचं भांडं बनवलं. पुढे १९७० साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आलं.

आपल्यातल्या ज्यांचं बालपण गावाकडे गेलं त्यांना यात नवल वाटणार नाही. चुलीला वैल असायचा. भाकऱ्या चुलीवर, आणि कालवणाचं भांडं वैलावर. जाळ लावायची गरज नाही, चुलीतून जी धग येईल तीच पुरे. क्रॉकपॉट म्हणजे प्लग लावलेला वैल! हे आमचं नव्हे, आईंचं वाक्य.

आता आईंविषयी. त्या आमच्यापैकी एकाची आई आणि एकीच्या सासूबाई. घरात एक जण ‘आई म्हणाली’ म्हणतो, दुसरी ‘आई म्हणाल्या’. भाषणापुरतं आम्ही ‘म्हणाल्या’वर तडजोड केली आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या सांगोल्याहून आल्या होत्या, वय ७९. येलोस्टोनचा उकळत्या पाण्याचा फवारा बघायची त्यांची फार इच्छा. विमानाने जावं तर पुढे पुन्हा गाडी, हॉटेलं, जिने. मोटरहोम उत्तम, पलंग आणि बाथरूम सतत बरोबर. अडचण एकच होती. आईंना मधुमेह आहे, आणि सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन चालू आहे.

ज्यांच्या घरी हे आहे त्यांना जास्त सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. सकाळी घेतलेल्या त्या इन्सुलिनचा जोर दुपारी चढतो. त्या वेळी पोटात जेवण हवंच. तासभर उशीर झाला तर साखर उतरते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, माणूस बरळायला लागतो. आणि आय-९० वर ‘दुपारी साडेबाराला जेवू’ असं ठरवणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. रस्त्याची दुरुस्ती, पंक्चर, पाऊस, काहीही आडवं येतं. बर्गर, फ्राइज, गोड सॉस यांवर त्यांची साखर कशी नाचते हे आधीच्या भेटीत दिसलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, ‘जरूर न्या, पण जेवणाची वेळ आणि जेवणाचा प्रकार दोन्ही सांभाळा.’ म्हणजे येलोस्टोनला जायचं की नाही हे शेवटी स्वयंपाकावर ठरणार होतं!

पहिला विचार असा होता की गाडी चालू असतानाच क्रॉकपॉट लावून ठेवायचा. बरेच जण तसं करतात, भांडं सिंकमध्ये घट्ट बसवतात आणि इन्व्हर्टरवर चालवतात. आम्ही ते करत नाही. अचानक ब्रेक लागला तर पाच-सहा पौंड उकळती आमटी कुठे जाईल याचा विचार करा. झाकणाला क्लिपा असलेले क्रॉकपॉट मिळतात, पण त्या ने-आण करण्यासाठी असतात. अशा भांड्यांच्या माहितीपत्रकात ‘शिजत असताना क्लिपा लावू नका’ असं लिहिलेलं असतं, ते वाचावं. शिवाय विजेचंही गणित आहे. आमचं भांडं सहा क्वार्टचं, साधारण २५० वॅटचं. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून ते चालवायचं तर २० अँपिअरहून जास्त ओढतं. इंजिन चालू असेपर्यंत ठीक, पण गाडी उभी करून सहा तास चालवलं तर बॅटरीने हात टेकलेच.

याउलट रात्री कॅम्पग्राउंडला विजेचा खांब मिळाला की वीजच वीज. ३० अँपिअरचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टने गुणा, ३,६०० वॅट. त्यात एसी दीड हजार खातो, मायक्रोवेव्ह हजाराच्या वर. इन्स्टंट पॉटही सुमारे हजार ओढतो. एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावलेत तर ब्रेकर पडायची तयारी ठेवा. क्रॉकपॉटचे अडीचशे वॅट मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. आणि रात्रभर गॅस चालू ठेवून झोपणं म्हणजे २४ फुटी बंद डब्यात जिवाशी खेळ. विजेच्या भांड्याला धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही.

म्हणून आमची पद्धत अशी ठरली : रात्री साडेनऊला भांडं लावायचं, पहाटे साडेपाच-सहाला बंद करायचं, उकळतं अन्न थर्मासमध्ये भरायचं आणि दुपारी जिथे असू तिथे जेवायचं. शिजणार रात्री, गाडी चालणार दिवसा. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

थर्मास रुंद तोंडाचा, चांगल्या प्रतीचा घ्या. त्यात आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओता आणि लगेच अन्न भरा, काठोकाठ. हे पाणी ओतायचं काम कंटाळवाणं वाटतं, पण सगळा फरक तिथे पडतो. आणि दहा-पंधरा डॉलरचं टोचायचं थर्मामीटर घ्या. इथला अन्नसुरक्षेचा नियम साधा आहे : ४० ते १४० डिग्री फॅरनहाइट या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. अन्न गार तरी हवं नाहीतर गरम तरी. कोमट नको. जेवायच्या आधी थर्मामीटर टोचायचं, १४० च्या वर असेल तर बिनधास्त वाढायचं.

पहिल्या रात्री विस्कॉन्सिनमध्ये मूगडाळ आणि दलियाची खिचडी लावली. आईंच्या साखरेला तांदळापेक्षा दलिया बरा. पहाटे तीन वाजता आम्ही तिघंही जागे! इतक्या लहान जागेत हिंग-जिऱ्याचा वास कोंडला की झोप कसली लागते? आई म्हणाल्या, ‘लग्नघरात झोपल्यासारखं वाटतंय.’ दुसऱ्या रात्रीपासून छताचं व्हेंट चार बोटं उघडं ठेवायला लागलो.

मिनेसोटा संपून साउथ डकोटा सुरू झालं की दोन्ही बाजूंना नुसती शेतं. आईंनी विचारलं, ‘तो मिलो इथूनच यायचा का रे?’ १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, ती मिलो. आई तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांना सुकडी वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. आम्ही सांगितलं की दिसतंय तो बहुतेक मका आणि सोयाबीन, मिलो मुख्यतः खाली कॅन्ससकडे पिकतो. तरी त्या बराच वेळ खिडकीतून बघत होत्या. ‘भाकरी थापताना तुटायची,’ एवढंच म्हणाल्या.

मिझुरी नदी ओलांडून पुढे गेलो आणि आभाळ हिरवट-काळं झालं. ज्यांनी त्या भागात प्रवास केलाय त्यांना तो रंग कळेल. गारा! लिंबाएवढ्या नसतील, पण बोराएवढ्या नक्की. पहिल्या एक्झिटला गाडी बाजूला घेतली. मागेपुढे ट्रकांची रांग, गाव नाही, दुकान नाही. आणि एक गंमत ऐका. साउथ डकोटाच्या मध्यावर टाइम झोन बदलतो. आमच्या फोनने घड्याळ एक तास मागे नेलं, साडेबाराचे साडेअकरा केले. फोनच्या हिशोबाने जेवायला चिक्कार वेळ होता. पण आईंच्या पोटातलं इन्सुलिन शिकागोच्या वेळेवर चाललेलं! मशीनवर बघितलं तर साखर ७२, आणि त्यांचा आवाज जरा जड झालेला. ग्लुकोजच्या गोळ्या खिशात होत्याच, त्यातल्या दोन दिल्या, पण गोळ्यांवर माणूस किती वेळ काढणार? थर्मास उघडला, थर्मामीटर टोचलं, १४८. सकाळी सव्वासहाला भरलेली तूरडाळीची आमटी आणि गुरगुट्या भात. छपरावर गारांचा ताशा वाजतोय आणि आत आई आमटी-भात कालवताहेत. अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं तर साखर ११८, आणि ‘मीठ जरा कमी पडलंय’ अशी टीकाही सुरू झाली. तेव्हा आमच्या जिवात जीव आला. मिठाबद्दल बोलल्या म्हणजे आई ठीक आहेत.

आता तुम्ही वह्या काढा, कारण मागच्या वेळी बऱ्याच जणांनी कृती विचारल्या होत्या.

तूरडाळ एक वाटी, चार वाट्या गरम पाणी, हळद, हिंग, चमचाभर तेल. लो वर आठ तास. आमसूल, चिंच, टोमॅटो यांपैकी काहीही आधी घालायचं नाही. आंबटात डाळ शिजायचं नाव घेत नाही, तशीच टणक राहते. ते सकाळी घालायचं. फोडणी आम्ही घरूनच करून छोट्या बाटलीत नेतो : तेल, मोहरी, जिरं, हिंग, सुकी मिरची. पण मंडळी, त्या बाटलीत ओला लसूण किंवा कढीपत्ता अजिबात नको. तेलात बुडालेल्या ओल्या लसणाला हवा लागत नाही, आणि अशा बाटलीत बॉट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. लसणाची फोडणी हवी असेल तर ताजी करा.

भात क्रॉकपॉटमध्ये मोकळा होत नाही. त्याचा गुरगुट्याच होतो, तो गुरगुट्या म्हणूनच खावा. बिर्याणीची स्वप्नं बघू नयेत. आमची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे स्टील-कट ओट्स. रात्री पाणी आणि किंचित मीठ घालून लावायचे, सकाळी वर मेतकूट आणि थेंबभर तूप. आईंना आठ दिवस आम्ही मऊभात म्हणूनच वाढत होतो. त्यांनी ओळखलं होतं, पण बोलल्या नाहीत.

भरली वांगी अप्रतिम होतात. लहान वांगी, दाण्याचं कूट, गोडा मसाला, गूळ अगदी नावाला, आणि पाणी अर्धी वाटीच. लक्षात ठेवा, यात वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे घरच्या अंदाजाने पाणी घातलं तर भरल्या वांग्यांचं सूप होतं. अख्खे मसाले निम्मे करा. दोन लवंगा आठ तासांत चारचं काम करतात. नारळाचं दूध शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर फाटतं. आणि झाकण! दर वेळी झाकण उघडून ‘बघू तरी’ केलंत की पंधरा-वीस मिनिटांची धग गेली. आपल्या बायका आणि आपले पुरुषही या बाबतीत सारखेच.

चिकन-मटण आधी फ्रीजमध्ये पूर्ण वितळवून घ्या. गोठलेला गोळा तसाच टाकला तर तो त्या धोक्याच्या पट्ट्यात तासन् तास राहतो. भांडं अर्ध्याच्या वर आणि दोन-तृतीयांशाच्या आत भरलेलं हवं. ‘वॉर्म’चं बटण शिजवण्यासाठी नाही. आणि उरलेलं गार अन्न पुन्हा क्रॉकपॉटमध्ये तापवू नका. ते गॅसवर उकळा.

आता राजमा. हे मात्र जरा थांबून सांगायचं आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक पोटलकला कुणीतरी क्रॉकपॉटमधून राजमा आणतंच. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. खळखळून उकळलं की ते नष्ट होतं. पण क्रॉकपॉट खळखळत नाही! आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त विषारी असू शकतो. म्हणून राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास चांगला खळखळून उकळा आणि मगच क्रॉकपॉटमध्ये घाला. आपण प्रेशर कुकरवाली माणसं, आपल्या आयांना हे कधी सांगावं लागलं नाही, कारण कुकरच्या शिट्ट्यांत तो प्रश्न परस्पर सुटायचा. इथल्या दुसऱ्या पिढीने कुकर सोडून क्रॉकपॉट धरलाय, तेव्हा मुला-सुनांना आवर्जून सांगा. प्रवासात आम्ही सरळ डब्यातला राजमा नेतो, तो कारखान्यातच पूर्ण शिजलेला असतो. मसूर, मूग, तूर यांना ही भीती नाही.

उंचीचंही सांगायला हवं. येलोस्टोनचं मोठं तळं समुद्रसपाटीपासून ७,७३३ फुटांवर आहे. तिथे पाणी २१२ ऐवजी १९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं. शिकागोला आठ तासांत गळणारी डाळ तिथे डोळे वटारून बघत असते. आम्ही वर गेलो की दीडपट वेळ धरतो आणि डाळ दोन तास आधी भिजवतो. तूरडाळीचा हट्ट सोडून मसूर किंवा मूग घेतला तर आणखी बरं.

तिथे पोचायच्या आधी वायोमिंगमध्ये कोडीजवळ एका खासगी कॅम्पग्राउंडवर मुक्काम होता. त्या दिवशी प्रवास नव्हता, म्हणून सकाळीच चिकन रश्शा लावला आणि आम्ही तिघं बफेलो बिलचं म्युझियम बघायला गेलो. सहाला परतलो. भांडं रटरटत होतं, वास असा की शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी नाक वर केलेलं. पण आमच्याकडे एक युक्ती आहे. क्रॉकपॉटच्या शेजारच्याच सॉकेटला आम्ही एक जुनं, काट्यांचं, विजेवर चालणारं घड्याळ लावतो. वीज गेली की ते थांबतं, आली की पुन्हा चालू होतं, म्हणजे जितका वेळ वीज नव्हती तितकं ते मागे पडतं. त्या दिवशी ते दोन तास चाळीस मिनिटं मागे होतं! ऑफिसात विचारलं तर ‘हो, दुपारी तुमच्या रांगेचा ब्रेकर पडला होता, आम्ही चढवला’, इतकंच. आमचा क्रॉकपॉट साध्या गोल बटणाचा, वीज आल्यावर तो गुपचूप पुन्हा सुरू झाला. डिजिटलवाले बहुधा बंदच राहतात, त्यामुळे निदान कळतं तरी.

नियम असा आहे : आपण समोर नसताना वीज गेली आणि अन्न तेव्हा शिजलेलं होतं की नव्हतं हे ठाऊक नसेल, तर वरून कितीही छान दिसलं तरी टाकून द्यायचं. पुन्हा उकळलं तरी काही जंतूंनी केलेलं विष जात नाही. नियम पाठ होता, पण मंडळी, अख्खं भांडंभर रश्शा! आणि समोर ७२ चा दुष्काळ पाहिलेली बाई. पानात शीत उरलं तरी आमच्या लहानपणी ओरडा मिळायचा. आम्ही एकमेकांकडे बघत उभे राहिलो. ‘आईंना नको, आपण दोघं खाऊ’ इथपर्यंत चर्चा गेली होती.

आईंनीच विचारलं, ‘किती वेळ बंद होतं?’ सांगितलं. त्या उठल्या, पिशवी काढली आणि म्हणाल्या, ‘सुकडीच्या पोत्याला जरा वास लागला असला तर मी ते परत पाठवायची. दुष्काळातसुद्धा. पोरं उपाशी होती म्हणून काय झालं, त्यांच्या ताटात शंका कशी वाढायची?’ आणि रश्शा पिशवीत ओतून मोकळ्या झाल्या. आमच्याने ते बघवलं नाही, खोटं कशाला बोला.

संध्याकाळचं इन्सुलिन त्यांनी अजून घेतलं नव्हतं. पान समोर आल्याशिवाय सुई नाही, हा प्रवासाचा पहिला नियम होता आणि आज त्याचा अर्थ कळला. फ्रीजमध्ये दही आणि अंडी, कपाटात जाडे पोहे, दाणे आणि मुगाच्या पिठाची पुडी. वीस मिनिटांत धिरडी, दही, अंड्याची पोळी तयार. गाडीत वीस मिनिटांत होणारं एक जेवण कायम असू द्या. वीज, गॅस, रस्ता यांच्यापैकी कुणीही कधीही दगा देतं.

येलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजला उतरलो. पार्कच्या आत वीज, पाणी, सांडपाणी या सगळ्याची जोडणी असलेलं तेवढं एकच ठिकाण आहे आणि तिथे फक्त टणक भिंतींची वाहनं चालतात, तंबू किंवा कापडी गाड्या नाहीत. कारण अस्वलं! बरेच आरव्हीवाले उकाडा नको म्हणून क्रॉकपॉट बाहेरच्या बाकावर लावतात. इतर ठिकाणी ठीक आहे, पण येलोस्टोनमध्ये अन्नच काय, स्वयंपाकाची भांडीसुद्धा बाहेर सोडून जाता येत नाहीत. आईंना हे फार पटलं. ‘अस्वलाला गोड्या मसाल्याची चटक लागली तर पुढच्यांचे हाल,’ म्हणाल्या.

ओल्ड फेथफुलचा फवारा उडाला तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. त्याआधी बरोबर साडेबाराला आई बाकावर बसून मसुराची आमटी आणि दलिया जेवल्या होत्या. त्या फवाऱ्याचं वर्णन आम्ही करणार नाही, त्याचे फोटो तुम्ही सगळ्यांनी फेसबुकवर टाकलेले आहेतच. आई टाळ्या वाजवत होत्या एवढं सांगतो. एकूण सतरा दिवसांत त्यांची साखर ७० च्या खाली एकदाही गेली नाही. त्यांची वही आहे आमच्याकडे, रोज चार आकडे, त्यांच्या शाळेच्या वळणदार अक्षरात.

कुठला क्रॉकपॉट घ्यावा, असं कुणीतरी विचारणारच. दोन-तीन माणसांना चार क्वार्ट पुरतो, साधा, गोल बटणाचा, आतलं भांडं सुटं निघणारं. महागडा नको. ते आतलं भांडं प्रवासात टॉवेलमध्ये गुंडाळून खालच्या कपाटात ठेवा, वरच्या कपाटात कधीच नाही. आणि तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका, तडा जातो.

आता मागच्या टेबलाकडे वळू. तिथे दोन क्रॉकपॉट सकाळी दहापासून लावलेले आहेत. डावीकडे मसुराची आमटी, उजवीकडे भरली वांगी. शेजारी काट्यांचं घड्याळ आहे, ते बरोबर वेळ दाखवतंय, आम्ही मघाशीच बघून आलो. वाट्या, चमचे आणि देणगीची पेटी एकाच ओळीत मांडली आहेत, तो क्रम कार्यकारिणीने विचार करूनच ठरवलाय. एका वाटीचा आकडा आम्ही सांगणार नाही, ज्याने-त्याने आपल्या भुकेप्रमाणे ठरवावा. चेकही चालतील. फक्त वांग्यांना अजून वीस मिनिटं आहेत, आणि मगापासून त्या झाकणाशी कोण उभं आहे ते आम्हाला इथून स्पष्ट दिसतंय!